एका टोपातलं जेवण

११ नोव्हेंबर २००३, मंगळवार

वालीवच्या कारखान्यात एकवीस वर्षं मी रोज शिफ्टची नोंदवही लिहिली. गेल्या वर्षी कारखाना गुजरातला हलला, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेव्हापासून नोंद करावी असं काही घडलंच नाही. आज घडलं. जयवंती गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना पायरीवरून घसरली. डावं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. सहा आठवडे.

रिक्षातून घरी येताना ती एवढंच म्हणाली, "जेवणाचं कसं होणार?"

मी म्हणालो, "मी आहे ना."

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग बाहेर बघत राहिली. दुखत असणार. बत्तीस माणसं आणि अकरा मशीनं ज्याने सांभाळली, त्याला दोन माणसांचं जेवण जड जाणार नाही. उद्या सकाळपासून सुरू. नोंदही रोज ठेवायची, निदान महत्त्वाच्या दिवशी तरी.

१५ नोव्हेंबर

चार दिवसांत वरण, भात, दोन भाज्या आणि चपात्या एवढं हातात आलं. चपात्या गोल होत नाहीत, पण भाजल्या नीट जातात. जयवंती पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसली होती आणि सारखं सांगत होती: गॅस कमी करा, ते झाकण काढा. मी तिला गॅलरीत खुर्ची टाकून दिली. एका मशीनवर दोन फोरमन चालत नाहीत. ती पेपर घेऊन बसली. नालासोपाऱ्यात राहायला आल्यापासून तिने दुपारी पेपर वाचलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

तव्यावरची पहिली चपाती थेट तिच्या ताटात वाढली. विचारलं, "कशी झालीय?"

"गरम आहे," ती म्हणाली.

एक अडचण मात्र लक्षात आली. तिला एकेक वाढत मी चपात्या करत राहिलो, आणि माझं ताट वाढून घेईपर्यंत भाजी गार, वरण गार, शेवटची चपाती कडक. समोर बोलायला कुणी नाही. ती हात धुऊन उठलीसुद्धा होती. मी ओट्यापाशी उभ्यानेच चार घास खाल्ले. नियोजनात कुठेतरी चूक आहे, शोधली पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा मासळी. कृष्णाबाई अर्नाळ्याहून पाटी घेऊन येते, कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी बसते. गेली बारा वर्षं जयवंतीच तिच्याकडून घेते. मला बघून म्हणाली, "दादा, तुमी? वैनी कुठं?" मी हाताचं सांगितलं. तिने कोळंबी निवडून दिली आणि बजावलं, "पान्यात जास्त वेळ ठेवू नका. चव जाते."

सोलायला दीड तास लागला. पाठीतला काळा धागा काढायचा असतो हे मला माहीत नव्हतं. कालवण चांगलं झालं. भाकरी तव्यावर तीन ठिकाणी फुटली. चार वाजता जेवलो.

जयवंतीला कोळंबी फारशी आवडत नाही, ती नेहमी नुसतं कालवणच घेते. म्हणून तिच्या ताटात दोनच वाढल्या. 

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज कढई हातातून निसटली आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेलं. खालच्या मजल्यावरची क्लेमेंटीन धावत वर आली, तिच्यामागे तिचा नवरा आग्नेल. आग्नेल परदेशी प्रवासी बोटीवर आचारी आहे, सतरा वर्षं झाली. नाताळसाठी कालच घरी आलाय. सांडलेलं कालवण क्लेमेंटीननेच पुसून काढलं, जयवंतीला नुसतं बसवून ठेवलं. आग्नेल ओट्याकडे बघत उभा राहिला.

"आत्मारामभाऊ, कुणी यायचंय का जेवायला?"

"नाही. आम्ही दोघंच."

"दोन माणसांना कुकर, तवा, कढई, दोन टोप?"

"मग काय करू? भाताला एक, कालवणाला एक..."

"आम्ही बोटीवर कामावरून सुटलो की स्वतःसाठी एकाच टोपात करतो. अर्ध्या तासात. परवा रविवारी मी दाखवतो. कोळंबी आणा, माकूल आणा, टोमॅटो आणा. बाकीचं माझ्याकडे आहे."

सतरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस स्वतःहून शिकवतो म्हणतोय. मी लगेच हो म्हटलं. जयवंती क्लेमेंटीनकडे बघून हसली. का, ते कळलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

लिहायलाच हवं, सविस्तर.

आग्नेलने पिशवीतून एक पाकीट काढलं. आत पिवळ्या कोरड्या नळ्या, बोटभर लांबीच्या, तिरप्या कापलेल्या. त्यांना पास्ता म्हणतात. जयवंतीने एक हातात घेऊन त्यातून खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "या तर नळ्या." तेव्हापासून आमच्या घरात नळ्याच.

मोठा टोप. त्यात शेंगदाण्याचं तेल. बोटीवर दुसरं तेल असतं, पण हे चालतं म्हणाला. ठेचलेली लसूण भरपूर, ती तांबूस व्हायच्या आत कांदा. मग कोळंबीची डोकी आणि सालं. मी ती टाकून देणार होतो. आग्नेल ओरडला, "भाऊ, सगळी चव त्यातच आहे!" सालं लाल झाल्यावर त्यात पाणी, दहा मिनिटं उकळी, आणि सालं झाऱ्याने काढून टाकायची. डोकी मात्र त्याने ठेवली. मग चिरलेले टोमॅटो, क्लेमेंटीनच्या घरचा बाटली मसाला एक चमचा, मीठ, आणि त्याच पाण्यात नळ्या. पाणी नळ्यांच्या वर दोन बोटं. जास्त नाही, कारण ओतून द्यायचं नाही, सगळं आतच मुरायचं. नळ्या शिजत आल्या की कोळंबी, आणि अगदी शेवटी माकुलाच्या चकत्या (बोटीवर त्याला स्क्विड म्हणतात).

"माकूल दोन मिनिटं," आग्नेल म्हणाला, "नाहीतर चाळीस मिनिटं. मधल्या वेळात उतरवलंत तर रबर."

हा नियम मला फार आवडला. स्पष्ट आहे. कारखान्यात असे नियम असते तर निम्मी भांडणं झाली नसती.

पंचवीस मिनिटांत टोप खाली. भाकरी नाही, चपाती नाही, भात नाही. टोप सरळ टेबलाच्या मध्यभागी ठेवला आणि चौघं एकदमच बसलो. कुणी उठायचं कारणच नव्हतं.

आता एक विचित्र गोष्ट. जयवंतीने कोळंबीची आठ डोकी चोखली. आठ. मी मोजली. एकेक उचलायची, डोळे किंचित मिटायचे, आणि मग ते साल ताटाच्या कडेला नीट ओळीत ठेवायचं. माकूलही तिने दोनदा घेतलं. एकतीस वर्षांत तिला हे आवडतं हे मला माहीत नव्हतं. मोडलेलं हाड जुळत असताना माणसाची चव बदलत असावी. डॉक्टरांना विचारायचं.

२३ डिसेंबर, मंगळवार

प्लॅस्टर निघालं. हात बारीक आणि पांढरा पडलाय. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला सांगितलाय, दोन-तीन आठवड्यांत सगळं करता येईल म्हणाले. चवीचं विचारलं, तर ते हसले.

१८ जानेवारी २००४, रविवार

आग्नेल परवा बोटीवर परत गेला. जाताना नळ्यांची नऊ पाकिटं देऊन गेला. आज सगळं माझं मी केलं, वीस मिनिटांत. शेवटी चमचाभर कोकमाचं आगळ घातलं, तो माझा शोध. आता दर रविवारी आणि बुधवारी नळ्या, शुक्रवारी साधं कालवण-भात. घडी बसली.

जयवंतीचा हात अजून दुखतो. लाटणं धरलं की कळ येते म्हणते. मी तिला लाटणं धरूच देत नाही. सकाळी गॅलरीत केसांचा अंबाडा घालताना तिचे दोन्ही हात डोक्यामागे दिसले, बराच वेळ. व्यायाम करत असावी. चिकाटीची बाई आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांकडे गेलो. एक्स-रे काढला. "हाड उत्तम जुळलंय. आता काहीही करा," असं म्हणाले.

जयवंती म्हणाली, "पण पोळपाटावर जोर दिला की दुखतं."

"राहील थोडे दिवस," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघून उगाच मान हलवली.

डॉक्टर तरुण आहेत. एक्स-रेवर दुखणं दिसत नाही एवढंही त्यांना कळू नये? मी स्वतःच उपाय सुरू केलाय. सकाळी नाचणीची पेज, दुपारी सुकट. कॅल्शियम हवं.

संध्याकाळी ती आणि क्लेमेंटीन कॅरम खेळतात. क्लेमेंटीन हरते. त्यानंतर दोघी तळ्यापर्यंत फिरून येतात. येताना जयवंती काहीतरी गुणगुणत जिना चढते. मी टोपाखाली गॅस लावलेला असतो. ती हात धुऊन सरळ टेबलाशी येऊन बसते आणि आम्ही जेवताना बोलतो. काय बोलतो ते लिहिण्यासारखं नाही, बिल्डिंगमधलं, पेपरातलं. पण पूर्वी जेवताना आम्ही बोलत नव्हतो, एवढं मात्र खरं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पुण्याहून जितेंद्रचा फोन. सुनेची, हेमांगीची, नोकरी बदललीय, आता ती साडेसातला घरी येते. पिंकीला सांभाळणारी बाई सोडून गेली. जूनपासून पिंकी पहिलीत. जितेंद्र म्हणाला, "बाबा, आईला वर्षभर इकडे पाठवा. घरचं जेवण, पिंकीकडे लक्ष, सगळं मार्गी लागेल. हात बरा झाला ना आता?"

मी म्हटलं, "तिलाच विचार," आणि फोन तिच्याकडे दिला.

ती म्हणाली, "बघू. हात काय म्हणतो ते."

फोन ठेवून ती बराच वेळ तिथेच उभी होती. तिला माझी काळजी वाटत असणार, म्हणून मी सांगितलं, "तू बिनधास्त जा. मला आता सगळं जमतं. एक वर्ष काय, पाच वर्षं राहीन."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला जमतं."

संध्याकाळी तिने अर्धंच ताट खाल्लं. मीठ जास्त झालं होतं का, विचारलं. नाही म्हणाली.

१० मार्च

रविवारी सगळे येतायत, आईला घेऊन जायला. जितेंद्रला दाखवून द्यायचं की बाप एकटा उत्तम राहू शकतो, म्हणजे तो निर्धास्त होईल. पाच जणांसाठी मोठा टोप लागेल. क्लेमेंटीनकडून आणला. देताना ती म्हणाली, "आत्मारामभाऊ, जयवंतीला विचारलंत का?"

"काय?"

"तिला जायचंय का?"

"नातीकडे जायला कुणाला नको असतं?" मी म्हणालो. तिने टोप पुसून माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

वर आल्यावर बघितलं तर जयवंतीने बॅग काढून पलंगावर ठेवली होती. उघडलेली नव्हती.

१४ मार्च, रविवार

संध्याकाळचे पाच. सगळे गेले. जसं घडलं तसं लिहितो.

दहा वाजता आले. पिंकी येताक्षणी आजीच्या मांडीवर. थोड्या वेळाने आत गेलो तर जयवंती तिची वेणी घालत होती, आणि हेमांगी दारात उभी राहून बघत होती. मला पाहून हेमांगी एकदम गॅलरीकडे वळली. प्रवासाचा शीण असेल.

मी कामाला लागलो. जितेंद्र ओट्याला टेकून उभा. मी त्याला एकेक पायरी समजावून सांगत होतो: सालांचं पाणी, टोमॅटो, नळ्या, वर दोन बोटं पाणी. तो हसत होता, मजा वाटत होती त्याला. म्हणाला, "बाबा, तुमचं तर मस्त चाललंय. मला वाटत होतं आई आली की तुमचे हाल होतील. पण तुम्हाला काहीच अडचण नाही."

"काहीच नाही," मी म्हणालो.

जयवंती टेबलावर ताटं मांडत होती. तिचा हात मध्येच थांबला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मी काहीतरी चुकीचं बोललो. काय, ते कळलं नाही.

माकुलाची दोन मिनिटं झाली. गॅस बंद केला, दोन फडक्यांनी टोप धरला आणि टेबलाकडे निघालो. पाच जणांचा टोप, काठोकाठ. एवढ्यात पिंकी गॅलरीतून धावत आली, सरळ माझ्या पायांत. मी वळलो, डाव्या हातातलं फडकं सरकलं, टोप तिच्या बाजूला कलला. मला ओरडायलाही सुचलं नाही. जयवंती पुढे आली, पदर दोन्ही हातांभोवती घेतला, माझ्या हातांतून टोप अख्खा उचलला आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवला. एक थेंब सांडला नाही. चार-पाच किलोचा टोप. दोन्ही हातांनी.

पिंकी म्हणाली, "आजी, तुझा हात बरा झाला!"

मी म्हटलं, "अशा वेळी माणसाच्या अंगात कुठून ताकद येते..."

"पुरे हो," जयवंती म्हणाली. ती खुर्चीवर बसली. "हात बरा झालाय. जानेवारीतच झाला."

जितेंद्र आधी हसला. "मग सांगितलं नाहीस ते? चला, छानच झालं. आज संध्याकाळीच निघू."

"मी येणार नाही."

"म्हणजे?"

"येईन. पिंकीसाठी येईन, आठ दिवस, पंधरा दिवस. तिच्याशी खेळायला. तुझ्या ओट्यापाशी वर्षभर उभी राहायला नाही येणार."

"आई, परक्यासारखं काय बोलतेस? कुणासाठी करायचंय? आपल्याच माणसांसाठी ना?"

जयवंतीचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "तू लहानाचा मोठा झालास. तुझं प्रत्येक जेवण मी बघितलंय. तू काय टाकतोस, काय आधी खातोस. मी काय खाते, तू कधी बघितलंस? आठवून सांग."

मीही आठवून बघितलं. आमच्या लग्नानंतर राजापूरच्या घरात आठ माणसं पंगतीला बसायची, ती वाढायची. मुंबईत, इथे, जितेंद्रच्या परीक्षा, माझ्या शिफ्ट, पाहुणे. हातात चपाती घेऊन उभी असलेली ती दिसते. गेल्या डिसेंबरच्या आधी ती घास तोंडात घालताना मला दिसत नाही. एकदाही नाही.

शेवटी हेमांगी उठली. तिने पहिलं ताट जयवंतीचं वाढलं. म्हणाली, "आई, जेवा तुम्ही. निवतंय. मला सकाळीच कळलं होतं. एका हाताने पाचपेडी वेणी येत नाही." मग खाली बसून हळूच म्हणाली, "मीही साडेसातला घरी येऊन उभ्यानेच जेवते."

जितेंद्रने तिच्याकडे बघितलं. हे तो पहिल्यांदा ऐकत होता असं वाटलं.

जेवण झालं. चव कशी होती, सांगता येणार नाही. चारच्या सुमाराला निघाले. जितेंद्र आईच्या पाया पडला पण बोलला नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, डावा. रिक्षात बसताना हेमांगी म्हणाली, "बाबा, त्या नळ्यांची कृती लिहून पाठवा. माझ्या नावाने नको. जितेंद्रच्या."

१५ मार्च

मी रागावलोय. लपवण्यात अर्थ नाही. दीड महिना मी नाचणी दळून आणतोय, सुकट निवडतोय, डॉक्टरांना नावं ठेवतोय. सकाळी तिला विचारलं, "निदान मला तरी सांगायचंस."

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"काय म्हणालो असतो?"

"'बरं झालं. आता तू कर.'"

मी गॅलरीत जाऊन बसलो. पेपर उघडला, वाचला नाही. तासाभराने आत येऊन म्हणालो, "तसंच म्हणालो असतो."

"माहीत आहे," ती म्हणाली. राग तिलाही असणार, माझ्यापेक्षा जुना. पण चहा तिने दोन कप केला आणि एक माझ्यापुढे ठेवला. दुपारी कुणीच काही शिजवलं नाही. पाव आणले, चहात बुडवून खाल्ले.

१७ मार्च, बुधवार

जितेंद्रला कृती लिहून पोस्टात टाकली. अकरा पायऱ्या, प्रत्येकीपुढे मिनिटं. माकुलाच्या ओळीखाली दोनदा रेघ मारली. फोनवर सांगता आलं असतं, पण तो फोन उचलत नाही. पत्रात शेवटी लिहिलं: आईवर रागावू नकोस. तिची काही चूक नाही. असली तर माझी आहे, आणि थोडी तुझी. खोडून टाकावं असं वाटलं, पण पेनने लिहिलं होतं.

जयवंतीला पत्र वाचायला दिलं. तिने वाचलं आणि पाकिटाला डिंक लावला.

२१ मार्च, गुढीपाडवा

पुऱ्या. तिने लाटल्या, मी तळल्या. मी म्हटलं नव्हतं, ती स्वतःहूनच पोळपाट घेऊन बसली. म्हणाली, "सगळ्या तळून होऊ देत, मग दोघं बसू." गार पुऱ्या खाल्ल्या. श्रीखंड होतं, चाललं.

२४ मार्च, बुधवार

जितेंद्रचा फोन आला. "बाबा, माकूल चपलेसारखं झालं."

"किती वेळ ठेवलंस?"

"पंधरा मिनिटं."

"दोनदा रेघ मारली होती मी!"

"दिसली. म्हटलं कच्चं राहायला नको." मागून हेमांगीचं हसणं ऐकू येत होतं. पिंकीने कोळंबी वेचून खाल्ली म्हणे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाळणाघर मिळालंय, आणि बुधवार-रविवारचा स्वयंपाक आता त्याच्याकडे. मग म्हणाला, "आईला द्या."

जयवंती बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "मे महिन्यात येते. कॅरम घेऊन ठेव." फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२६ मार्च, शुक्रवार

नळ्यांचं शेवटचं पाकीट परवा संपलं. आग्नेल जूनमध्ये येईल. क्लेमेंटीन सांगत होती की वांद्र्याला दुकानात मिळतात. मी म्हटलं, सोमवारी जाऊन घेऊन येतो, चार-पाच पाकिटं.

जयवंती म्हणाली, "आणू नका."

"का?"

"मला त्या नळ्या आवडत नाहीत."

मी टोप घासत होतो, तसाच थांबलो. "तीन महिने खाल्ल्यास!"

"कोळंबी आवडते. माकूल आवडतं. नळ्या चिकट लागतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेने करत होतात. आणि दोघं बसत होतो ना जेवायला. म्हटलं, असू देत."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? वीस मिनिटांवर आणलं होतं मी काम. आगळाचा शोध माझा होता. पण मग एक साधा प्रश्न सुचला, जो मला आधी कधीच सुचला नव्हता. मी विचारलं, "मग तुला काय आवडतं?"

तिच्या कपाळाला आठी पडली. "थांबा," म्हणाली, "विचार करून सांगते."

ती गॅलरीत जाऊन बसली. अर्धा तास गेला. मी टोप घासला, पुसला, ओटा पुसला, तरी ती तिथेच. मला भीती वाटायला लागली की तिला काही आठवणारच नाही.

मग आत आली. "तिसऱ्या," म्हणाली. "एकशिपी. एका शिंपीला मांस ठेवून करतात ना, ती. आई करायची देवगडला. खूप आंबट. तुमच्या घरात कुणाला आंबट चालायचं नाही, म्हणून लग्नानंतर कधी केली नाही."

२८ मार्च, रविवार

कृष्णाबाईकडे तिसऱ्या मिळाल्या. घरी विचारून या म्हणाली नाही, सरळ मोजून दिल्या. माझ्यावर विश्वास बसलाय तिचा.

विळीवर शिंपल्या उघडणं हे कौशल्याचं काम आहे. पाऊण तास लागला आणि अंगठा दोन ठिकाणी कापला. जयवंती दारात स्टूल टाकून बसली होती, हात मांडीवर. मी सांगू दिलं. कांदा किती, खोबरं किती, आमसुलं किती.

"आठ," ती म्हणाली.

"आठ? एवढ्याशाला?"

"आठ."

आठ घातली. एकाच टोपात, भात मात्र वेगळा लावावा लागला. दोघं बसलो. पहिल्या घासाला माझे दात आंबले, डोळ्यांतून पाणी आलं. दुसरा घास गेला नाही. जयवंतीने माझ्याकडे बघितलं आणि जेवत राहिली. शिंपी उचलायची, बोटाने मांस सोडवायचं, रस ओढून घ्यायचा. ताटाभोवती शिंपल्यांचा ढीग झाला. तिसऱ्यांदा तिने स्वतःच टोप तिरपा करून घेतलं, तळाचा रससुद्धा.

मी उठून माझ्यासाठी दोन अंडी उकडली.

बुधवारी पुन्हा तिसऱ्या. अंडी आधीच उकडून ठेवायची, म्हणजे मध्ये उठावं लागणार नाही.